ओल्या गमावरची काच

वसमतला आमच्या काचेच्या दुकानाशेजारी चहा विकणाऱ्या मावशीनं त्या दिवशी एका लेकराला वाचवलं, आणि मलाही.

मी आठवीतून शाळा सोडून कोल्हापूरकडून आलेला. इथं माझं कोण ऐकणार? जीपला पुढची काच बसवून मी जीपच्या मालकाला बजावलं होतं, चिकटवायचा गम वाळेपर्यंत गाडी हलवू नका. त्यानं तरी नव्या काचेचा नारळ फोडला आणि आपल्या लेकराला पुढच्या सीटवर बसवलं.

"नारळ फोडल्यावर गाडी उभी ठेवत न्हाईत," तो म्हणाला.

मावशी किटली घेऊनच आडवी आली. "मग हातानं चार पावलं ढकला. झालं की निघणं! काहून लेकराच्या जिवावर उठून राहिले?"

लोक हसले. त्यानं लेकराला उतरवलं, चडफडत गाडी ढकलली आणि रागानं दार आपटलं. खिडक्या सगळ्या बंद होत्या. आतली हवा दाबली जाऊन काच खालून सुटली, बोटभर बाहेर आली.

अजूनही कुठं दार आपटलं की मला धावत्या जीपमधून निसटणारी काच दिसते, आणि तिच्या पाठोपाठ ते लेकरू. काच माझ्या हातची असते.

मावशीचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडीन.