साठ फुगे आणि दोन बिंदल्या

माझ्या मुलाच्या बोरन्हाणाला सासूबाईंच्या सोन्याच्या बिंदल्या आकाशात गेल्या. त्या मी पाठवल्या.

ही दोन वाक्यं लिहायला मला सोळा वर्षं लागली. मुळात मी कमी बोलणारा माणूस. "याच्या पोटातून गोष्ट काढायची म्हणजे चिकूतून बी काढण्याइतकं सोपं नाही, नारळातून काढायची असते," असं माझी बायको मेधा म्हणते. फक्त विज्ञानाचा विषय निघाला की माझी जीभ सुटते. मी सिडनीत लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे. वस्तू वर नेणं आणि न आपटता खाली आणणं यावर माझं पोट चालतं. (हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे सांगायची हिंमत राहणार नाही.)

तेव्हा आम्ही नुकतेच सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात घर घेऊन राहिलो होतो. भारतातून विद्यार्थ्यांचा लोंढा सुरू होता. पेंडल हिल स्टेशनवर दर ट्रेनमधून पाठीला सॅक आणि काखेत कुकर घेतलेली मुलं उतरायची. कुणी अकाउंटिंग शिकायला आलेलं, कुणी स्वयंपाक, कुणी चक्क केस कापायला! आमच्या मागच्या खोलीत सागर राहायचा. चोपडा गावचा मुलगा, सकाळी कॉलेज, दुपारनंतर पेंडल हिलच्या एका किराणा दुकानात तांदळाची पोती उचलणं. मला दादा म्हणायचा, मेधाला वहिनी. आमचा दीड वर्षाचा ईशान त्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायचा.

त्या जानेवारीत नातवाच्या बोरन्हाणासाठी सासूबाई पुण्याहून आल्या. येताना हलव्याचे दागिने आणले आणि बाळाच्या मनगटात घालायच्या बिंदल्या आणल्या. त्या बिंदल्या त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी घडवून घेतलेल्या. चार पिढ्यांतल्या प्रत्येक बाळाने त्या चावलेल्या होत्या. मेधाच्या दाताची खूण तर सासूबाई बोट ठेवून दाखवायच्या.

बोरन्हाण म्हणजे तसा साधा प्रकार. मुलाला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. एक माप आणि दोन हात, एवढ्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चाललेलं आहे.

मला ते खटकलं.

"खाऊ आकाशातून पडला पाहिजे," मी जाहीर केलं. "हेलियमचे साठ फुगे, खाली पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात खाऊ. ईशानच्या डोक्यावर येऊन थांबेल. दोरा ओढला की तळाची झडप निघेल आणि वृष्टी!"

"पाऊस पडेल म्हणायचं की सरळ," सासूबाई म्हणाल्या.

बोरन्हाणाच्या दिवशी सकाळच्या पोह्यांवर मी सगळ्यांना हवेत उडण्याचा इतिहास ऐकवला. कागदाचा कारखाना असलेले ते दोन फ्रेंच भाऊ, त्यांचा गरम हवेचा फुगा, त्यात त्यांनी वर पाठवलेली मेंढी, बदक आणि कोंबडा.

"आणि माणूस?" सासूबाईंनी विचारलं.

"माणूस नंतर, आई."

"शहाणे होते."

मग मी हायड्रोजनवाल्या प्रोफेसरांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचा सोबती फुग्यातून शेतात उतरले. सोबती पाळण्यातून बाहेर पडला मात्र, वजन एकदम कमी झालं आणि फुगा एकट्या प्रोफेसरांना घेऊन बाणासारखा वर गेला! ही गोष्ट मी हातवारे करून सांगितली. चमचा वापरून सांगितली.

सागर पोहे खाता खाता थांबला. "दादा, मग खाऊ पडल्यावर आपलं खोकंपण वर जाणार ना?"

"अरे, म्हणून तर दुसरा दोरा आहे! तो मी धरून ठेवणार. नो वरीज."

(तो दुसरा दोरा मी कुठे बांधला होता, ते येईलच.)

दुपारी मागच्या अंगणात तीस-पस्तीस माणसं जमली. ऊन असं की चार फुगे आपोआप फुटले आणि प्रत्येक फुग्याला एकेक मावशी किंचाळली. जास्तीचे फुगे मी फुगवून ठेवलेच होते. (इंजिनिअर!) बोरं मिळाली नव्हती, त्यांच्या जागी चेऱ्या. ईशानला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे म्हणून सासूबाईंनी त्याच्या हातातल्या बिंदल्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"कपाटात ठेवून या. आत्ताच्या आत्ता."

"हो आई," मी म्हटलं आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. कपाट होतं पुढच्या खोलीत, आणि माझं खोकं एका बाजूला कलत होतं! चेऱ्या सगळ्या डावीकडे घरंगळल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात वीस-पंचवीस ग्रॅमची, लहानशी, जड वस्तू हवी होती. विज्ञानात तिला बॅलास्ट म्हणतात. माझ्या खिशात तिला बिंदल्या म्हणत होते.

पाचच मिनिटांचा प्रश्न आहे, असं म्हणून मी त्या आतल्या कोपऱ्यात ऑफिसच्या पिवळ्या टेपने चिकटवल्या. खोकं तराजूच्या काट्यासारखं सरळ झालं. मला इतका आनंद झाला की आता लिहितानाही थोडा होतोय.

मग सागरने ईशानला पाटावर बसवलं, बायकांनी ओवाळलं आणि माझं विमान अलगद पोराच्या डोक्यावर येऊन थांबलं. कुणीतरी "वॉव, अंकल!" म्हणालं. या एका शब्दासाठी माणूस काय काय करतो!

"आता नीट बघा," मी पोरांना म्हटलं. "जड वस्तू आणि हलकी वस्तू एकाच वेगाने खाली पडतात. उसाचा करवा आणि चुरमुरा एकदम पोचणार!"

मी दोरा ओढला.

चेऱ्या पडल्या, करवे पडले, लॉलीज पडल्या. ईशानने भोकाड पसरलं. पंधरा पोरं त्याच्या अंगावरून गेली. या सगळ्यांच्या बरंच मागून, इकडेतिकडे बघत, चुरमुरे आले.

"चुरमुरे उशिरा आले, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"हवेचा अडथळा, आई," मी म्हटलं आणि हातातल्या दुसऱ्या दोऱ्याकडे बघितलं. दोरा माझ्या हातात घट्ट होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला झडप होती. नुसतीच झडप! दोन्ही दोरे मी झडपेलाच बांधले होते.

वर बघितलं. ओझं उतरलेलं खोकं साठ फुग्यांखाली सुटलं ते प्रोफेसरांच्या वेगाने. छपराच्या कडेला एक टक्कर दिली, कौलांवरून सरपटलं आणि पलीकडे गेलं. पुन्हा दिसलं तेव्हा ते लिंबाएवढं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

संध्याकाळी सासूबाईंनी हात पुढे केला. "बिंदल्या?"

इथे एक वाक्य पुरलं असतं. "आई, उडाल्या." दोन शब्द! माझ्या तोंडून निघालं ते असं: "ठेवल्या होत्या."

"कुठे?"

"इथेच."

घर उलथंपालथं झालं. गाद्या झटकल्या, डाळींचे डबे ओतले, ईशानचे डायपर तपासले. मी सगळ्यांत पुढे होऊन शोधत होतो. सोफ्याखाली टॉर्च मारत होतो! दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात मेधाला हळू आवाजात म्हणाल्या, "घरात परका माणूस एकच आहे गं." त्यांचा हळू आवाज तीन खोल्यांत ऐकू येतो.

सागर त्याच्या खोलीतून बॅग घेऊन बाहेर आला. त्याने ती जेवणाच्या टेबलावर ओतली. दोन जीन्स, पुस्तकं, घरून आलेली शेंगदाण्याची चटणी, आईवडिलांचा फोटो. मग पाकीट ओतलं. मग खिसे उलटे केले. "शनिवारी खोली सोडतो, वहिनी," तो म्हणाला.

मी तिथेच उभा होतो. मी चटणीच्या पुडीकडे बघत होतो. इतकी वर्षं माझी झोप उडवली ती बिंदल्यांनी नाही, त्या पुडीने.

शनिवारी सकाळी मी दुर्बीण घेऊन बाहेर पडलो. बोरन्हाणाच्या दिवशीचा वारा, फुग्यांची ताकद, वरची थंड हवा, सगळं गणित मांडून मी पूर्वेकडची तीन मैदानं आणि एक गोल्फ कोर्स निश्चित केला होता. बिंदल्या सापडल्या की सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. एक म्हातारा गोरा जवळ आला. "बर्ड वॉचिंग, मेट?" मी हो म्हटलं. (खोटं बोलायचा हात बसला होता.) त्याने मला अर्धा तास पोपट दाखवले.

रिकाम्या हाताने घरी आलो तर काय! सासूबाई सागरला श्रीखंडपुरी वाढत होत्या. "हा कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा शब्द मागे घेतलाय मी. आणि बिंदल्यांचा विषय या घरात आता कुणी काढायचा नाही."

केवढं हे मन! पुरावा नाही, काही नाही, आणि माफी मागून मोकळ्या! माझा अपराध तिथल्या तिथे दुप्पट झाला. आता बोलावं, तर त्या मोठ्या मनापुढे आपण किती खुजे दिसणार? मी श्रीखंडाची वाटी पुढे केली.

बोललो नाही, पण वागलो. सासूबाईंना रोज देवळात नेलं. त्यांच्या मालिकांच्या सगळ्या कथा ऐकल्या आणि प्रश्नही विचारले. दर रविवारी पुण्याला फोन केला. पुढे त्या आठ वेळा आल्या आणि आठही वेळा त्यांच्यासाठी घावन मी केले. सागरची प्रत्येक मुलाखत, घर बदलणं, लग्नाची खरेदी, सगळीकडे माझी गाडी हजर. लोक मेधाला म्हणायचे, "नशीब काढलंस!" मेधा फक्त हसायची. त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

परवा सागरच्या मुलीचं बोरन्हाण होतं. आता तो इथलाच, घर घेतलेला, केस विरळ झालेला. "दादा, पताका चिकटवायला टेप घेऊन या," एवढंच त्याने मला सांगितलं होतं. मी मात्र ठरवून गेलो होतो. आज बोलायचंच.

दारात त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलीने माझ्या नाकाला हात लावला. तिच्या हातात बिंदल्या होत्या. त्याच! मेधाच्या दाताची खूणसुद्धा तीच.

आता मी जे लिहितोय ते अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मी स्वतःच्या हाताने चिकटवलेल्या, स्वतःच्या डोळ्यांनी लिंबाएवढ्या होताना बघितलेल्या त्या बिंदल्या, आणि माझ्या मनात पहिला विचार आला: म्हणजे यानेच चोरल्या होत्या!

दोन सेकंद. पण आला.

सागरला बाजूला घेऊन मी विचारलं, "या बिंदल्या... कुठून?"

तो एकदम ओरडला, "वहिनी! दादांनी विचारलं!"

मेधा आतून आली. "विचारलं म्हणजे? सांगितलं का ते बोल."

मग मी सांगितलं. खोकं, कललेली बाजू, टेप, झडप, सोफ्याखालची टॉर्च, गोल्फ कोर्स. ईशान, आता माझ्याहून उंच, भिंतीला टेकून ऐकत होता. "डॅड," तो म्हणाला, "द होल फॅमिली नोज. आय न्यू इन इयर थ्री."

त्या शनिवारी मी पोपट बघत होतो, तेव्हा खोली सोडण्याआधी कबूल केलेलं काम पुरं करायचं म्हणून सागर शिडी लावून छपराची पन्हळ साफ करायला चढला होता. छपराच्या कडेला खोकं आपटलं तिथेच, सुक्या पानांत, बिंदल्या पडलेल्या. "पिवळ्या टेपसकट, दादा. टेपवर तुमच्या कंपनीचं नाव!" त्या त्याने तेव्हाच सासूबाईंच्या हातात दिल्या होत्या, आणि आता त्याच्या लेकीसाठी त्यांनीच पाठवल्या होत्या.

म्हणजे त्या पंचवीस ग्रॅमचा आकाशातला एकूण प्रवास पन्हळीपर्यंत. आणि मी तीन मैदानं!

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ते मी सांगते," टेबलावरून आवाज आला. तिळगुळाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटमध्ये पुण्याच्या सासूबाई होत्या. "मी म्हटलं, दोन दिवसांत स्वतःहून बोलतील. तर तुम्ही मला देवळात न्यायला लागलात. मग घावन करायला लागलात. म्हटलं, कशाला घाई?"

सगळे हसले. मग त्या हसायच्या थांबल्या. "मी त्या पोराचे हात धरून त्याच दिवशी माफी मागितली हो. तुमची राहिली होती."

मी सागरकडे वळलो. काय बोलायचं ते सोळा वर्षं पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "त्या दिवशी तू बॅग ओतलीस," मी म्हटलं, "आणि मी चटणीकडे बघत बसलो. चुकलं रे."

"मी तुमच्याकडे बघत होतो, दादा," तो म्हणाला. मग त्याने खाऊने भरलेलं माप माझ्या हातात दिलं. "ओता तुम्ही. हाताने."

माझे डोळे भरून आले. मी माप उचलणार, तोच टॅबलेट कडाडला, "थांबा! आधी त्यांचे खिसे बघा रे!"

हशा पिकला. बरोबरच होतं ते. मी माप खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर स्वतःहून खिसे उलटे केले. गाडीची किल्ली. रुमाल. अर्धा तिळाचा लाडू. आणि ऑफिसच्या पिवळ्या टेपचं भेंडोळं.

सागरच्या बायकोने मुलीच्या दोन्ही बिंदल्या हाताने झाकल्या.

"पताकांसाठी आणलीय!" मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर खरं बोललो होतो. कुणाचाही विश्वास बसला नाही.