बादलीचं तोंड

"सर नाही. अंकल म्हणायचं. ते अटेंडर आहेत."

मॅडम हे इंग्रजीत म्हणाल्या, सातवीच्या अख्ख्या वर्गासमोर, हसत हसत. एवढं समजायला इंग्रजी यावं लागत नाही. मग माझ्याकडं वळून मराठीत, "राग नाही ना आला? मुलांचा नंतर गोंधळ होतो हो."

माझ्या हातात हातोडी होती. भिंतीत मीच ठोकलेला खिळा होता, खिळ्याला माझा दोरा होता. पाऊण तास मी त्या पोरांना कागदावर लांब जाणारा रस्ता कसा काढायचा ते शिकवलं होतं, आणि शेवटी एका पोरानं आपणहून हात वर करून "सर" अशी हाक मारली होती. एकदाच. जन्मात पहिल्यांदा.

मी म्हणलं, "राग कशाचा, मॅडम." आणि हातोडी पिशवीत टाकली.

तिथंच, आता शिकवणार नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. म्हणलो नाही. पुढचं जे सांगणार आहे ते सगळं त्या न म्हणण्यातून झालं.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. वय एकाहत्तर. धंदा पडदे रंगवायचा. इथं तेलुगू मुलखात, आमच्या शहरातल्या नारायणगुड्यात फोटो स्टुडिओ होते तेव्हा नवरा-नवरीच्या मागं जो महाल दिसायचा, कारंजं दिसायचं, लांब जाणारा रस्ता दिसायचा, त्यातले निम्मे माझ्या हातचे. पडदा भिंतीवर ताणायचा. खिळा ठोकायचा. खिळ्याला दोरी बांधून तिला नीळ चोळायची, ताणून टिचकी मारायची. निळी रेघ उठते. अशा पन्नास रेघा मारल्या तरी सगळ्या खिळ्याकडंच जातात. मग सपाट कापडावर माणूस आत चालत जाईल असा रस्ता होतो. माझे उस्ताद सांगायचे, "पहले आँख, बाद में कील." म्हणजे बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर आहे ते आधी ठरव, त्या उंचीला आडवी रेघ मार, मग त्या रेघेवर खिळा ठोक.

फ्लेक्स आलं. स्टुडिओ गेले. बरकतपुऱ्यातल्या एका शाळेत कंपाउंडची भिंत रंगवायला गेलो आणि अटेंडर म्हणून तिथंच राहिलो. बारा वर्षं झाली. घंटा मारायची, बाकं उचलायची, वर्ग उघडायचे, लावायचे.

यंदा ड्रॉइंगच्या टीचर मधेच सोडून गेल्या. पालकांसाठी चित्रांचं प्रदर्शन ठरलेलं, विषय परस्पेक्टिव्ह. मॅडम म्हणजे आमच्या कोऑर्डिनेटर, पुण्याच्या. त्यांनी पडद्यावर व्हिडिओ लावून दाखवला. पोरांचे रस्ते शिडीसारखे उभेच्या उभे. मी खुर्च्या आणायला वर्गात गेलेलो. बघवेना. म्हणलं, "मॅडम, एक खिळा ठोकू का?"

असा मी शिकवायला लागलो. आणि त्याच दिवशी मला माझी जागा सांगितली गेली.

तरी पुढच्या बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खिशाला पेन लावला. मला लिहायचं काय असतंय? पण लावला. तो एक शब्द मला परत ऐकायचा होता. मॅडमनी मना केलं होतं म्हणून तर जास्तच.

त्या वर्गात शिरीषा होती. यादम्माची मुलगी. यादम्मा आमच्या शाळेत फरशी पुसते. गरिबाच्या पोरांना जी फुकटची जागा असते, ती मिळून शिरीषा तिथं शिकत होती. मी आणि यादम्मा पाण्याच्या टाकीमागं जेवतो. माझं लोणचं तिला, तिची गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी मला. शिरीषा एवढीशी असल्यापासून मला ताता म्हणायची. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा.

ती वर्गातही म्हणाली. "ताता, रबर है क्या?"

अख्खा वर्ग हसत सुटला. "सर भी नहीं, अंकल भी नहीं, ताता!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "अंकल, आपकी पोती है क्या?"

कान तापले माझे. मी तिच्या बाकाजवळ गेलो आणि हळूच पण कडक म्हणलं, "क्लास में ताता नक्को."

तिनं वर बघितलं. "फिर क्या बोलना?"

सर म्हणायला बंदी. अंकल म्हण असं माझ्या तोंडातून निघेना. मी पुढच्या बाकाकडं गेलो.

तिसऱ्या बुधवारी व्हरांडा काढायला दिला. आमच्या शाळेचा लांब व्हरांडा, एका बाजूला वर्गांची दारं, एका बाजूला खांब. सगळ्यांना एका टोकाला उभं केलं. म्हणलं, बघून घ्या आणि आत येऊन काढा. सगळ्यांचे कागद बरे झाले. खिळा जागेवर, दारं लहान लहान होत गेलेली. पोरं खूश. मी खूश.

शिरीषाचा कागद हातात घेतला. आडवी रेघ पार खाली, तळाशी. फरशी दोन बोटं. छत मात्र केवढं, अंगावर आल्यासारखं. चालणाऱ्या माणसांचे पाय खांबाएवढे आणि डोकी वर कुठंतरी, सुपारीएवढी. आणि पुढं एक मोठी बादली. बादलीला तोंडच नव्हतं. तोंडाच्या जागी एक सरळ रेघ.

शिकवणारा माणूस असता तर विचारलं असतं. मी सर व्हायला निघालो होतो. मी कागद उंच धरून वर्गाला दाखवला.

"ये बाल्टी है या डब्बा? इसको मुँहच नहीं. पानी किधर से डालना?"

काय हसली पोरं! त्या वर्गात आजवर माझ्यावर हसायची, आज पहिल्यांदा माझ्याबरोबर हसली. दारात मॅडम होत्या, त्याही हसल्या. "वा अंकल!"

शिरीषा म्हणाली, "वहाँ से ऐसाच दिखता."

"ऐसा कहीं दिखता है क्या?"

आणि खिशातली लाल पेन्सिल काढून मी तिच्या कागदावर, मधोमध, माझी आडवी रेघ मारली. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीची. बादलीला गोल तोंड काढलं. हात जड. कागद एका ठिकाणी फाटला.

ती रडली नाही. कागद बाकावर तसाच ठेवून घंटेबरोबर निघून गेली. मी तो गोळा करून कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्ग लावत होतो. यादम्मा व्हरांडा पुसत होती. तिचं काम होईपर्यंत शिरीषा थांबते, रोजच थांबते. व्हरांड्याच्या टोकाला, कोरड्या फरशीवर, पोटावर झोपून हनुवटी तळहातात धरून ती गणितं करत होती. शेजारी बादली. मी तिला वर्षानुवर्षं तसंच बघत आलोय. बारा महिने. मला बघून तिनं वही मिटली आणि आईबरोबर नळाकडं गेली. बादली राहिली.

इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मी गुडघे टेकले, मग हात, मग सगळाच्या सगळा त्या फरशीवर पालथा झालो. फिनेलचा वास. तिची जागा अजून कोमट होती. हनुवटी तळहातावर घेतली आणि बघितलं.

बादलीला तोंड नव्हतं. एक सरळ रेघ होती.

छत केवढं होतं. फरशी दोन बोटं. खांब आभाळात गेलेले. तिनं एक रेघ चुकवली नव्हती. डोळा बादलीच्या काठाशी आला की गोल तोंडाची रेघच होते, हे मला, पडदेवाल्याला, पन्नास वर्षांच्या धंद्यात माहीत होतं. पहले आँख. मी तिचा डोळा कुठं आहे ते विचारलंच नाही. माझाच डोळा सगळ्यांचा डोळा धरून चाललो.

आणि तसंच पडल्या पडल्या मला आमच्या गावची शाळा दिसली. आमच्या वस्तीच्या पोरांना उंबऱ्याबाहेर बसवायचे. दाराच्या बाजूनं, तिरकं, फळा दिसायचा तेवढा बघायचा. जवळची कड मोठी, लांबची लहान. एकदा पाटीवर चित्र काढायला सांगितलं तर मी फळा काढला, दिसत होता तसा. मास्तरांनी पाटी उंच धरली. आतल्या पोरांना दाखवली. "असा कुठं दिसतो का रे फळा?" आतली सगळी पोरं हसली. मग मास्तरांनी पाटी खाली टाकली आणि माझ्यासमोर पायानं पुसली. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

साठ वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, दारू पिऊन सांगितलं, न पिता सांगितलं. आणि संधी मिळाल्यावर त्याचंच वाक्य बोललो. नुसतं हिंदीत बोललो.

"अंकल? चक्कर आली का?"

मॅडम. आधी त्यांचे बूट दिसले, केवढेच्या केवढे. मग पाय. तोंड पार वर, छताला लागलेलं, बारीक.

"नाही मॅडम. बघायलोय."

"काय बघताय?"

"तुम्हाला."

त्यांना ते आवडलं नाही. उठताना मला हात द्यावा असंही त्यांना वाटलं नाही. खांब धरून उठलो.

प्रदर्शनाचा दिवस आला. कागद लावायचं काम माझंच. मॅडम सकाळी जवळ आल्या, आवाजात साखर. "आज मी मुलांना सांगितलंय हं. आज तुम्हाला सर म्हणायचं. पाहुण्यांसमोर बरं दिसतं."

म्हणजे शब्द त्यांच्या पर्समध्ये होता. काढायचा, ठेवायचा.

मी सगळे कागद डोळ्याच्या उंचीला लावले. मग कपाटातून शिरीषाचा काढला, फाटका, लाल रेघेसकट, आणि भिंतीच्या तळाशी लावला. गुडघ्याच्याही खाली.

मॅडम धावतच आल्या. "हे काय? एवढं खाली? आणि हा तर तुम्हीच चूक ठरवलेला कागद!"

"कागद बरोबर आहे. लाल रेघ चूक आहे. ती माझी आहे. बघायचं तर खाली बसून बघा."

"अंकल, पालक यायला लागलेत. उतरवा तो."

"नाही उतरवत."

पालक आलेच होते. चार-पाचजण थांबून बघायला लागले. मॅडमचा आवाज बारीक झाला. "तुम्ही अटेंडर आहात हे विसरू नका."

"विसरलो होतो, मॅडम. त्याशिवाय का ही रेघ मारली?"

एक बाई, कुणाची तरी आई, साडी सावरून खाली बसायला लागल्या होत्या. तेवढ्यात वॉचमननं मॅडमच्या सांगण्यावरून कागद काढून नेला. मी त्याच्या मागं जाऊन त्याच्या हातातून घेतला. तो गरीब माणूस, त्यानं सोडला. कागद माझ्या घरी आहे.

माझा बुधवारचा वर्ग बंद झाला. मला गेटच्या ड्युटीवर टाकलं. त्याचं मला काही नाही.

त्याच आठवड्यात टाकीमागं, जेवताना, यादम्मासमोर मी शिरीषाला म्हणलं, "गलती मेरी थी. तेरा कागज सही था. मैं लेट के देखा."

ती भात कालवत होती. मग म्हणाली, "हौ, सर."

एवढंच. यादम्मानं डब्यातून मान वर काढली नाही.

तिला शेवटी सापडलं मला काय म्हणायचं ते. तेव्हापासून ती मला सरच म्हणते. गेटमधून जाता येता, चुकत नाही, "गुड मॉर्निंग, सर." ज्या शब्दासाठी मी तिच्यावर हसलो तो शब्द ती रोज माझ्या हातावर ठेवून जाते. ताता म्हणत नाही. "ताता म्हण" असं मी सांगणार नाही. तो हक्क मी घालवला.

मागच्या महिन्यात मॅडमनी बोलावलं. नव्या टीचरना खिळ्याचं काही जमेना. "आठवड्याला एक तास घ्या ना. आता कायमचंच सर म्हणायला सांगते मुलांना."

मी म्हणलं, "सर नको. आधी तो कागद वर्गात लावा. खाली, गुडघ्याखाली. माझ्या रेघेसकट. खाली लिहा, ही लाल रेघ शिकवणाऱ्यानं मारली आणि ती चूक आहे. माझं नाव घाला. मग येतो."

"एवढा हट्ट बरा नव्हे या वयात."

"हौ मॅडम. हट्टच आहे."

तेव्हापासून रोज सकाळी तो कागद गुंडाळी करून मी बरोबर आणतो आणि गेटच्या खोलीत, खुर्चीच्या पायाशी लावून ठेवतो. कुणी विचारलं तर सांगतो कोणाचा कागद, कोणाची रेघ. एकानं सुचवलं, लाल पेन्सिल आहे, जरा रबर मारलं तर जाईल. जाईलही. पण मी मारणार नाही, आणि माझ्या जितेपणी कुणाला मारू देणार नाही.