बाही बसवता आली पाहिजे

कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणायचे. खरी मावशी ती एकाच मुलीची होती. सव्वीस वर्षं ती नमुने शिवायच्या खोलीत बसत होती. डिझायनरने कागदावर काढलेला कोट पहिल्यांदा अंगात घालण्याजोगा व्हायचा तो तिच्या मशीनवर. तोंडाने फटकळ, पण शिवण अशी की कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते शोधून सापडू नये.

बहिणीची लेक फॅशनचं शिक्षण पहिल्या वर्गात पुरं करून त्याच कारखान्यात लागली, तेव्हा मावशीला आभाळ ठेंगणं झालं. आठवड्यातच पोर तिच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात कोट, डोळ्यांत पाणी. डावी बाही चार वेळा उसवून पाचव्यांदा बसवली होती, तरी खांद्यावर चुण्याच चुण्या.

"कॉलेजात किती बाह्या बसवल्यास गं?"

"एक. वीस जणींत एक मशीन होतं, मावशी. तेही निम्मा वेळ बंद. बाकी आम्ही चित्रंच काढली."

जिभेवर आलेला टोमणा मावशीने गिळला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिने कोट मागून घेतला. डावी बाही तशीच ठेवली, उजवी स्वतः बसवली आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेज गाठलं. शिपायाने "अर्ज ठेवून जा" म्हणत वाटेला लावलं. पुढच्या सुट्टीला ती पुन्हा हजर. मधल्या दिवसांत तिने 'मुलींना शिवण हाताने शिकवा' अशा अर्जावर कारखान्यातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कटिंगमास्तरने तर सहीखाली लिहिलं, 'नव्या पोरांना सहा महिने आम्हीच शिकवतो.' सहाव्या खेपेला प्राचार्य भेटले.

"बाई, आमची मुलं डिझायनर होतात. शिंपी नाही."

"साहेब, एवढा कोट घाला."

संकोचत त्यांनी घातला.

"आता दोन्ही हात वर करा."

उजवा हात सहज वर गेला. डावा खांद्यातच अडला आणि अख्खा कोट वर ओढला गेला.

"ही डावी बाही तुमच्याकडे पहिल्या वर्गात पास झालीय," मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पोरगी हुशार आहे हो. तिला कुणी शिकवलंच नाही."

प्राचार्य कोट न काढताच खुर्चीत बसले. "शिकवणार कोण?"

"मी येते की!"

बोलून तर बसली. कारखान्याने जुनी आठ मशीनं दिली, वर्ग भरला, आणि मावशीने "बघा, अशी" म्हणत दोन मिनिटांत बाही बसवून टाकली. वीस पोरी नुसत्या बघत राहिल्या. कुणाला काही कळलं नाही.

"मला नाही जमायचं," घरी आल्यावर ती भाचीला म्हणाली. "हाताला येतं, पण सांगता येत नाही गं."

भाची वही घेऊन शेजारी बसली. "तू शिव. मी विचारते. आता इथे का थांबलीस?"

"थांबले होय?"

ती खरंच थांबली होती. बाही जिथे जोडतात तो मुंढा बाहीच्या गोलापेक्षा बोटभर लहानच असतो. ते जास्तीचं कापड ओढायचं नाही, सुईखाली हळूहळू जिरवायचं. दर चार टाक्यांना तिचा अंगठा ते करत होता, आणि हे तिलाच आज कळत होतं.

पुढच्या वर्गाला दोघी गेल्या. मावशी शिवायची, भाची विचारायची, पोरी लिहून घ्यायच्या. दोन वर्षांनी शिवणाची परीक्षा सगळ्यांना सक्तीची झाली आणि दोघींत एक मशीन आलं. प्रत्येकीला एक मिळावं म्हणून मावशीचे अर्ज अजून चालूच आहेत.

त्या परीक्षेआधी एका मुलीने आपला कोट पुढे केला. मावशीने तो उलटा केला, खिडकीशी नेला, खोट शोधशोध शोधली. सापडली नाही.

"हात चांगला आहे हं तुझा," ती म्हणाली. तिला स्वतःला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणताना ती अंमळ लाजलीच, आणि मुलीच्या खांद्यावर नसलेला दोरा उगाच झटकत राहिली.