प्याला शेवटच्या सतरंजीवर येईपर्यंत

आमच्या निपाणीत खोकणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. निम्मं गाव तंबाखूच्या वखारीत राबतं, आणि तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या घशात ती धूळ बसली की ती खोकणारच. माझी आईही खोकायची. पहिलं महायुद्ध संपता संपता जी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली तिच्यात वडील गेले, आणि तेव्हापासून आई वखारीत जाऊ लागली. मला तिच्या खोकल्याची सवय होती. बाजाराच्या गर्दीत ती कुठे आहे हे मी त्यावरून ओळखायची.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना तो खोकला बदलला. आधी कोरडा होता, तो ओला झाला, आणि वखार बंद असली तरी थांबेना. संध्याकाळी तिला कणकण यायची. पावसाळ्यात ती मिरजेला जाऊन छाती तपासून आली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही. आल्या आल्या तिनं आपलं ताट वेगळं काढलं, जर्मन धातूचा एक पेला घासून कोनाड्यात एकटाच ठेवला, आणि थुंकायला एका करवंटीत राख भरून ती आपल्या अंथरुणाशी ठेवली.

"ह्या पेल्याला हात लावायचा न्हाय," एवढंच ती म्हणाली.

मी विचारलं नाही. क्षय म्हणजे काय हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून मी माझा स्वतःचा श्वास ऐकू लागले. जरा घसा खवखवला तरी रात्रभर खोकला येतो का बघत राहायची.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती. बसक्या कौलांचं देऊळ, आत सतरंज्या, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाया. गाणी मराठी, मधूनच एखादं कानडी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर पडायचा आणि चांदीचा मुलामा दिलेला एक जड प्याला हातोहात सगळ्यांतून फिरायचा, आधी पुरुषांकडून, मग बायकांकडून. शेवटी उरलेलं उपासना चालवणारे पाळकसाहेब पिऊन टाकायचे, कारण ते सांडायचं नाही आणि ठेवायचंही नाही असा नियम होता.

प्याल्यात काळ्या मनुकांचा रस असे, आणि तो आई करायची. शुक्रवारी मनुका भिजवायच्या, शनिवारी हातानं कुस्करायच्या, उकळून धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या. बाप्तिस्मा घेण्याआधी आमच्या माणसांच्या हातचं पाणी गावात कुणी प्यायलं नसतं. आईनं केलेला रस मात्र सगळी मंडळी प्यायची, त्यात शेतवाले होते, मास्तर होते, आणि एक जानवं टाकून आलेले गृहस्थही होते. आई याबद्दल कधी बोलली नाही. पण शनिवारी ती मनुका कुस्करायला बसली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात मंडळीच्या मुख्य पंचांची बायको आमच्या दारात आली. तिला सगळे मावशी म्हणत. धिप्पाड, बोलघेवडी, मनानं वाईट नव्हे. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आक्का, औंदा नाताळाचा रस मी करते गं. तुला बरं न्हाय, कशाला तरास?"

"मला तरास न्हाय."

"असू दे की. मलाबी जरा पुण्य लागू दे." ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर नाकाशी धरला.

आईनं गाळणीचं फडकं धुऊन घडी करून तिच्या हातात दिलं. मावशीनं ते दोन बोटांत धरून नेलं. ते तिनं वापरलं नाही, हे मला नंतर तिच्या मुलीकडून कळलं.

नाताळात गाणारी मंडळी घरोघर फिरायची आणि प्रत्येक घरी चहा व्हायचा. आमच्या अंगणात त्या वर्षी सगळे उभ्यानं गायले. मी चहाचे कप बाहेर नेले. "आत्ताच पिऊन आलोय गं पोरी," असं एकेक जण म्हणत गेला. कप तसेच परत आले, वर साय धरलेली. आई दाराआडून बघत होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला दोन भीत्या आहेत. एक त्या माणसांची, की ती आता आईला काय करतील. दुसरी आईचीच. दोन्ही एकदम यायच्या आणि मला कुठल्या बाजूला सरकावं ते कळायचं नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात, लेंतच्या दिवसांत गोष्ट उघड झाली. प्रभुभोजनाला आई नेहमीच्या जागी, पुढच्या सतरंजीवर बसली, तर तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. मला अजून मंडळीत घेतलेलं नव्हतं, मी मागे पोरींत बसून बघत होते. प्याला आईकडून पुढच्या बाईकडे गेला. त्या बाईनं तो घेतला, ओठाला लावला नाही, पुढं दिला. तिच्या पुढचीनंही तसंच केलं. मग रांगेतल्या सगळ्याच बायांनी. प्याला न पिता हातोहात फिरत होता आणि देवळात कुणी खाकरतही नव्हतं. आईची पाठ ताठ होती. मला वाटलं, आता जर तिला खोकला आला तर सगळे उठून पळतील.

त्याच आठवड्यात पंचांची बैठक बसली आणि आईला बोलावणं आलं. तिला चढावर दम लागायचा म्हणून मी हात धरून गेले आणि दाराशी बसून राहिले.

मुख्य पंच, म्हणजे मावशीचे यजमान, मऊ आवाजात म्हणाले, "आक्का, राग मानू नका. तुमच्यासाठी एक वेगळा पेला ठेवू. देवळाच्याच खर्चानं घेऊ, चांगला काचेचा. प्रभू तोच, रस तोच."

"आन् धुणार कोण?" आईनं विचारलं.

"तुम्हीच धुवा की."

"बाजारातल्या हॉटेलात आमच्या माणसांचा कप बाहेर खिळ्याला अडकवलेला असतोय. पिणारानंच इसळून परत अडकवायचा. बाहेर तो एक खिळा हाय आप्पा, देवळात दुसरा मारू नका."

"ते वेगळं, आक्का. हे रोगाचं आहे."

"त्यास्नीबी कायतरी कारण असतंयच."

मग ती खोकली. पदर तोंडावर दाबून, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ. पंचांनी आपापली घोंगडी मागे ओढली. वेगळा पेला म्हणजे तिला पुढच्या महिन्यात वेगळी सतरंजी, त्याच्या पुढच्या महिन्यात दाराबाहेर जागा, आणि मेल्यावर स्मशानात कुठला कोपरा, हे सगळं मला त्या दाराशी बसून दिसत होतं.

पाळकसाहेब कोकणाकडचे, तरुण होते. घरात तान्हं मूल होतं. ते म्हणाले, "वेगळा पेला होणार नाही."

"मग कुणी पिणार नाही," पंच म्हणाले. "आणि साहेब, उरलेलं तुम्हांला प्यावं लागतं. आक्का शेवटाला बसल्या, तर त्यांच्या मागून तुम्ही प्याल?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते खोटं बोलणारे नव्हते, म्हणून लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिईन."

"तर मी शेवटाला बसते," आई म्हणाली आणि उठली.

वाटेत मी तिला म्हणाले, "घरात तूच पेला वेगळा ठेवतीस की."

"घरात मी ठेवलाय. तिथं ते ठेवणार." ती दम घ्यायला थांबली. "एवढं कळत नसंल तर मंडळीत कशाला जातीस?"

हे मी आज लिहिते तेव्हा आमच्या मंडळीत एका लाकडी ताटलीत छोटे काचेचे पेले फिरतात, प्रत्येकाला आपापला. ते आणावेत म्हणून बायकांच्या सभेत मीच बोलले, आणि उपासनेनंतर ते उकळत्या पाण्यातून मीच काढते. डॉक्टरांचं खरं आहे, रोग तोंडातून जातो. सगळ्यांचेच पेले वेगळे झाले तर माझी तक्रार नाही.

झावळ्यांच्या रविवारी मला प्रश्न विचारून मंडळीत घेतलं. म्हणजे ईस्टरला माझं पहिलं प्रभुभोजन. आईनं आधीच सांगितलं, "तू पुढं बसायचं, मावशीजवळ. मागं वळून बघायचं न्हाय." मला हायसं वाटलं, प्याला तिच्याकडून माझ्याकडे येणार नव्हता. आणि आपल्याला असं हायसं वाटतं याची भीती वाटत राहिली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या तीन तासांच्या उपासनेत ती एकदाही खोकली नाही. तोंडात लवंग होती आणि दोन्ही हातांनी तिनं सतरंजीची कड धरली होती. बाहेर पडल्यावर चिंचेच्या बुंध्याला टेकून जी खोकली, ती थांबेचना. मावशी लांबून बघत होती. ती जवळ आली नाही, पण गेलीही नाही.

ईस्टरला पहाटे गावाबाहेरच्या स्मशानात गाणी म्हणून आम्ही देवळात आलो. उन्हाळा लागला होता, वखारींचा वास गावभर पसरला होता. देऊळ भरलं होतं. पाळकसाहेब पिणार का, हे बघायला नेहमी न येणारेही आले होते. त्यांची बायको मूल मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती आणि नवऱ्याकडे एकटक बघत होती.

प्याला पुरुषांतून फिरून आमच्याकडे आला. आई शेवटी असल्यामुळे त्या दिवशी सगळ्या बाया प्यायल्या. मावशी प्यायली, मी प्यायले. रस पातळ होता. मग प्याला मागे गेला आणि मी वळून बघितलं. आई बघू नको म्हणाली होती, तरी.

शेवटच्या सतरंजीवर ती एकटी होती. तिनं दोन्ही हातांनी प्याला उचलला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान खाली घातली. समोरून बघणाऱ्याला ती पितेय असंच वाटलं असतं. पण मी खाली बसले होते, एका बाजूला, आणि मला पदराच्या आतलं दिसत होतं. प्याला हनुवटीच्या बराच खाली होता. तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला होता. मग तिनं एकदाच हळूच नाकानं श्वास आत घेतला, आणि प्याला पाळकसाहेबांच्या हातात दिला.

त्यांच्या हातात रस डचमळत होता. त्यांच्या बायकोनं मुलाला छातीशी घट्ट धरलं. त्यांनी डोळे मिटले आणि तळापर्यंत प्यायले. देवळात कुणीतरी मोठा श्वास सोडला. पंचांनी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर मावशी चार हातांवर उभी राहून म्हणाली, "आक्का, जमलाय न्हवं रस?"

"जमलाय की," आई म्हणाली.

वाट निम्मी सरली तेव्हा ती म्हणाली, "मनुका कमी घातल्यात तिनं. आन् गूळ घालून लपवलंय."

"तू प्यालीस कुठं?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. "वास येतोय की," ती म्हणाली. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "साहेबास्नी सांगू नकोस. डोळं मिटून प्याले बिचारे. त्यांचं तेवढं त्यांच्याजवळ ऱ्हाऊ दे."

पुढच्या महिन्यातही ती शेवटी बसली. तिची सतरंजी कुणी हलवली नाही आणि वेगळ्या पेल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मला मात्र भीती सुटली नव्हती. ती रोज थोडी थोडी बारीक होत होती आणि करवंटीतली राख मला बदलू देत नव्हती.

पेंटेकॉस्टच्या सणाआधी मावशी पुन्हा आमच्या दारात आली. या वेळी उंबऱ्यावर टेकली.

"आक्का, माझा रस कुणाला गोड लागंना बघ. आमचं मालकबी तोंड वाकडं करत्यात. पोरीला दाखवतीस काय?"

"पोरीचा हात चालंल व्हय?"

"न चालायला काय झालं?" मावशी खाली बघत म्हणाली.

शनिवारी आई परसदारी, माझ्यापासून लांब बसली, तोंडाला पदर लावून. मी चुलीशी होते. ती तिथून सांगत होती. "पळीनं नको, हातानं कुस्कर. बिया वाटू नकोस, कडू हुतंय. आणखी मूठभर घाल. फडकं उकळलंस का? पुन्हा उकळ." मी जवळ जाऊन काही दाखवायला गेले की ती हात वर करून मला थांबवायची.

रस गाळून झाला. मी म्हणाले, "बघ की एकदा."

तिनं कोनाड्याकडे बोट केलं. मी तिचा जर्मनचा पेला पहिल्यांदा हातात घेतला. मला भीती वाटली, तरी घेतला, आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. भांडं उंच धरून वरून धार सोडली, पेल्याला लागू न देता. पेला भरला तेव्हा ती थांब म्हणाली नाही.

मी मागे सरकेपर्यंत ती वाट बघत राहिली. मग तिनं पेला उचलला आणि सगळा रस हळूहळू प्यायली.

"जमलाय," ती म्हणाली. "आता झाकून ठेव, मुंग्या येतील."

कापणीच्या सणाला ती नव्हती. रस मी केला होता.