लाल सुतळीचं पोतं

नव्या सुनेने फार बोलायचं नसतं, आणि मला तर ते मुळातच जमत नाही. त्यामुळे ऐकलेलं सगळं आत साठत जातं. ह्यांच्या अणूच्या नोकरीचे किस्से तर सहा महिन्यांतच इतके झाले, की थोडे बाहेर काढलेले बरे!

शहाऐंशीच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. किरणं देऊन कांदा टिकवायचा, अशा एका सरकारी प्रयोगावर हे टेम्पररी. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्यापाठोपाठ दोन पोती आली. लाल सुतळीचं मुंबईहून किरणं देऊन आणलेलं, दुसरं साधं. दिवाळीपर्यंत कुठल्या पोत्यात किती कोंब येतात ते बघायचं. रिपोर्ट चांगला गेला तर हे पर्मनंट, नाहीतर घरी!

*

रशियातल्या अणुभट्टीच्या अपघाताच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात. शेजारच्या मालतीकाकूंनी आमच्याकडचे पोहे बंद केले. "कांदा घालतेस ना त्यात!"

एका संध्याकाळी लाईट गेले. त्याच काकू ह्यांना म्हणाल्या, "अणूची वीज आली की लाईट जाणार नाहीत म्हणे. लवकर आणा की!"

दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "पण वायर आमच्या भिंतीवरून नको हं!"

*

ह्यांना छातीला लावायचा एक बॅज मिळाला होता. अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून नंतर कळतं. तो अडवत काहीच नाही. हे ह्यांनी सासूबाईंना तीनदा समजावलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "एवढं मोठं सरकार, सुनेसाठी एक जास्तीचा देत नाही?"

*

सासूबाईंचे भाऊ नांदगावला कांदा पिकवतात. ते आले, लाल सुतळीच्या पोत्याभोवती एक फेरी मारली.

"याला कोंबच येनार नाय?"

"नाही मामा!" हे खूश.

"बियान्याला लावला तरी?"

"तरी नाही."

मामांनी टोपी सारखी केली. "म्हंजे कांद्याची नसबंदीच केली म्हना की!"

मला आत जावं लागलं.

*

पावसाळाभर हे खेडोपाडी दौऱ्यावर. "पोत्यांना हात लावू नका," एवढं बजावून जायचे. दिवाळीच्या आठवडाभर आधी साहेब तपासणीला आले.

लाल सुतळीचं पोतं ओतलं. एकाही कांद्याला कोंब नाही. हे हसले.

साधं ओतलं. पोतं अर्धंच, आणि त्यातही एकाला कोंब नाही!

"दोन्ही सारखीच?" साहेब म्हणाले. "मग किरणांनी केलं काय?"

ह्यांचा चेहरा पार उतरला. मला सगळं माहीत होतं. पण सासूबाईंच्या आधी बोलणार कोण?

"कोंब आलेला कांदा घरात तसाच ठेवायला मी काय आळशी आहे?" सासूबाई कडाडल्या. "दिसला की आधी तोच चिरते. दोन महिने झाले, रोज त्या पोत्यातले निवडून निवडून संपवतेय!"

"आणि लाल सुतळीच्या पोत्यातले?"

"त्यांची कसली घाई? ते कुठे खराब होतायत!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "आई, जरा सावकाश सांगा."