द्वारकेला हाक कशी मारावी

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. तिचं नाव ठेवायचा हक्क माझा, कारण मी आत्या. हा हक्क आहे तसा गमतीचाच. नाव आईबाप ठरवतात. आत्या ते बाळाच्या कानात सांगते, कुर्रर्र करते, आणि लगेच जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. निर्णय दुसऱ्यांचा, पाठ आपली.

मी देवासला एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे नावांबद्दलची माझी मतं हजेरी घेता घेता बनलेली आहेत. माझ्या सातवीच्या वर्गात आराध्या, आरोही, आरवी आणि आर्या एकाच बाकाच्या आसपास बसतात. फळ्याकडे तोंड असताना एकीला ओरडावं, तर चौघी उभ्या राहतात आणि चौघी रडवेल्या होतात. म्हणून भावाला मी आधीच बजावून ठेवलं होतं, "आ सोडून काहीही ठेवा."

"हिनं ठरवलंय," तो फोनवर म्हणाला. "द्वारका."

काहीही म्हणताना माझ्या मनात इतकं काहीही नव्हतं.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. भावाच्या कारखान्यातला त्याचा दोस्त चहाच्या टपरीवरच गडबडला. "भिया, द्वारका तो हमारे बड़े फूफाजी हैं! मूँछें हैं उनकी, इत्ती बड़ी!" शेजारच्या भाभींनी मला जिन्यात गाठून, कुणी आजारी असल्यासारखं हळूच विचारलं, "दीदी, पंडितजी ने बताया है क्या? कोई दोष-वोष?" माझी लेक म्हणाली, "आई, माझ्या मामेबहिणीला कॉलेजात सगळे डीके म्हणतील, बघच तू." आणि आमच्या ह्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे सांगितलं, "चार धामांतलं एक झालं. आता तीन राहिली."

शेवटी मी सरळ भावजयीलाच फोन लावला. ती बाळंतपणासाठी धारला माहेरी होती. तिचं घर तिथलं जुनं, पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. आमचे वडील मात्र कारखान्यातल्या नोकरीसाठी खानदेशातून देवासला आलेले. त्यामुळे ती अजून मला "वन्सं" म्हणते, आणि लग्न नवं होतं तेव्हा या शब्दाला आमच्या घरात सगळे फिदीफिदी हसायचे.

"वन्सं," ती म्हणाली, "आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा आठवत नाही. आजी तर मी पाहिलीच नाही. पण आमच्या सगळ्या पितळी भांड्यांवर आजीचं नाव कोरलंय. शाळा हिंदी, घरात मराठी पुस्तक एक नाही. मी मराठी वाचायला शिकले ती तपेल्यांवर. द्वारका हे मी वाचलेलं पहिलं मराठी. मला काकूनं वाढवलं. काकूच्या तोंडून माझ्या मुलीला त्या नावानं हाक ऐकायची आहे, एवढंच."

मी गणिताची बाई आहे. सिद्धता पुरेशी असली की मी वाद घालत नाही. "मी कानात द्वारकाच सांगणार," मी म्हटलं. "धपाटे जोरात घाला म्हणावं."

बारशाच्या सकाळी इंदूरला बस बदलून आम्ही धारला पोचलो. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या आणि काकू घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. त्या घरची रीत अशी, की आत्यानं नाव सांगितल्यावर घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं बाळाला त्या नावानं पहिली हाक मारायची आणि मगच पाळण्यात घालायचं. मोठी बाई म्हणजे काकूच. मी सहज म्हटलं, "काकू, द्वारका म्हणून छान मोठ्यानं हाक मारा हं."

काकूंचा झारा कढईतच थांबला.

"नाव फार चांगलं आहे हो ताई," त्या म्हणाल्या. "ठेवा तुम्ही. मी आपली छकुली म्हणेन."

"छकुली का?"

काकू पदर सारखा करू लागल्या. उत्तर दारातून काकांनी दिलं. "अहो, माझी आई ती! सासूचं नाव ही तोंडातून काढत नाही. आम्ही यात्रेला निघालो तेव्हा तिकीट काढायला हिला पाठवलं, हीच माझी चूक. खिडकीवर म्हणाली, 'कृष्ण भगवान जहाँ रहते हैं, वहाँ के दो.' त्यानं दिली मथुरेची. आम्ही मथुरा बघून परत आलो!"

"दर्शन झालं ना पण?" काकू म्हणाल्या.

मला हसावं की काय करावं कळेना, कारण मागे भावजय बाळाला घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या लक्षात हे कधी आलंच नव्हतं. येणार कसं? मेलेल्या माणसाला हाक मारायची वेळ घरात येत नाही. आणि आमच्याकडून ही शंका कुणी काढणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या आईनं सासूचं नाव रेशनच्या रांगेत खणखणीत सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

"म्हणजे तू तिला हाकच मारणार नाहीस?" भावजय म्हणाली.

"मारीन की गं. छकुली, सोनी, ठमी, काय म्हणशील ते."

"मग मायरा ठेवा, अनायशा ठेवा, काहीही ठेवा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली. अजून तीन-चार महिने ती तिथंच राहणार होती. जिच्या मांडीवर मूल वाढणार तीच बाई नाव घेणार नसेल, तर तपेल्यांखेरीज ते कुठंही उरणार नव्हतं.

भाऊ माझ्या कानाशी लागला, "ताई, मग बदलूया का?"

"नाव तिनं ठरवलंय आणि मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "पुढचं पुढं."

दुपारी अंगण बायकांनी भरलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, करत बाळ या हातातून त्या हातात गेलं. मी त्याच्या कानाशी वाकले, जुन्या तुपाचा आणि वेखंडाचा वास आला, आणि मी स्पष्ट सांगितलं, "द्वारका." मग कुर्रर्र. मग धपाटे. धारच्या बायकांचे हात चांगले कसलेले आहेत, एवढंच सांगते.

बाळ काकूंच्या हातात आलं. काकूंनी बाळाकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. भावजय पाटावर बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "काय झालं? विसरल्या की काय?" काकूंच्या कपाळावर घाम आला. बाळही आता तोंड वाकडं करायला लागलं होतं.

तेवढ्यात दारातून काका ओरडले, "अगं, माझं कसं घेतेस? तसं तिचं घे!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, आणि मग सगळ्यांनाच एकदम कळलं. नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायला पूर्वीपासून मुभा आहे. सासूचा उखाणा कुणी ऐकला नव्हता, पण तो घेऊ नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं. अंगण उसळलं. "नाव घ्या! नाव घ्या!" पलीकडच्या घरातल्या मालवी आजी, ज्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, त्याही टाळ्या पिटत ओरडायला लागल्या, "लो नी नाम, लो!"

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले, यमक जुळत असणार. मग ताठ उभ्या राहून खणखणीत म्हणाल्या:

"ज्यांच्या धाकानं जन्मभर जपून टाकला पाय,
त्या द्वारकाबाई मांडीवर आता, रागावून करतील काय!"

असा हंशा मी कुठल्या लग्नातही ऐकला नाही. भावजय हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, ते सांगणं कठीण. काका भिंतीला टेकून डोळे पुसत म्हणत होते, "आई, ऐकतेस ना गं!" काकू स्वतः लाजून लाल झाल्या. तेवढ्यात बाळानं त्यांच्या नव्या साडीवर आपलं मत नोंदवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रागावून काय करतील ते कळलं." मग बाळ पाळण्यात गेलं आणि मला घुगऱ्या मिळाल्या.

पण काकूंच्या हिशेबी मुभा उखाण्यापुरतीच होती. त्यामुळे पुढचे महिने धारच्या घरात प्रत्येक हाकेला दोन ओळी लागल्या. भावजय फोन धरून मला ऐकवायची. "पोह्यावर भुरभुरली शेव, द्वारके, पाय तोंडातून बाहेर ठेव!" काकू घाईत असल्या तर पहिल्या ओळीला अर्थ नसे. कधी पहिली ओळ संपायच्या आत मूल कुशीवर वळून पार सतरंजीच्या टोकाला गेलेलं असे, आणि काकू यमक शोधत मागे धावत असत.

आता पोर देवासला आली आहे. नुसतं "द्वारका" म्हटलं तर ढुंकूनही बघत नाही. पुढं-मागं काहीतरी असायला हवं, असं तिला वाटतं. भावाला यमक सुचत नाही, भावजयीला हसू आवरत नाही, म्हणून संध्याकाळी ते मला बोलावतात. काल मी दारातूनच म्हटलं, "पाच एके पाच, पाच पाची पंचवीस, द्वारके, आत्या आली, आता तरी हसशील?"

यमक लंगडं होतं. ती वळली, मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि न हसता तोंड फिरवून माझ्याकडून दुसरी ओळ पुन्हा म्हणून घेतली.