वाळवा म्हटलं, फाटकाने परत पाठवलं

फाटकावर शोभाबाईंची गाडी अडली होती आणि मी ऑफिसात पोह्यांची दुसरी प्लेट संपवत होते. वॉचमनचा फोन आला. "मॅडम, तुमचं कम्प्युटर म्हणते परत. बाई काही हालून नाही राह्यली."

मी गेले. कापसाच्या गाडीपुढे शोभाबाई उभ्या. घाटंजीकडून आलेल्या.

"तपासणाऱ्यानं सांगतलं, ओला हाये, आत नेऊन वाळव. हा म्हणते घरी जाय. घरी कुठी नेऊ? दोन्ही खोल्यांत कापूसच होता, पोट्टे खाजवून राह्यले."

उद्यापासून आमचं खरेदी केंद्र आठ दिवस बंद. म्हणजे आज नाही तर कापूस पुन्हा अंथरुणात.

आमची व्यवस्था फार आधुनिक. तपासणाऱ्याचं मोबाइल अ‍ॅप कॉटलिन भाषेत, सर्व्हर पायथनमध्ये, फाटकावरचा प्रोग्राम सी शार्पमध्ये. तिन्हींकडे शेऱ्यांची एकच यादी हवी. याला आम्ही डेटा मॉडेल म्हणतो. नाव मोठं, आहे साधा फॉर्म. शेरा शब्दात जात नाही, नंबरात जातो. एक म्हणजे मंजूर, दोन म्हणजे परत.

गेल्या आठवड्यात 'वाळवा' हा नवा शेरा आला. अ‍ॅप लिहिणाऱ्या नीलेशने तो मधोमध घातला. मधे शोभून दिसतो म्हणे! झालं, त्याच्याकडे दोन म्हणजे वाळवा, तीन म्हणजे परत. सर्व्हर बिचारा नंबर पुढे ढकलतो. फाटकाची यादी मात्र जुनीच, तिथे दोन म्हणजे अजूनही परत. आणि फाटकाचा प्रोग्राम कोणाचा? माझा.

साहेबांना फोन केला.

"नीलेशनं यादीचा फोटो ग्रुपवर टाकलता ना?"

"टाकलता."

"तू अंगठा दिलता ना?"

"दिलता."

"मग?"

आमच्याकडे अंगठा म्हणजे काम झालं. वाचलं असेलच असं नाही.

फाटकावरच लॅपटॉप उघडून यादी बदलली. चार मिनिटं लागली. शोभाबाई आत गेल्या, दुपारभर कापूस उलथापालथा केला, संध्याकाळी मंजूर झाला. जाताना विचारून गेल्या, "एवढंसंच होतं, तं सकाळून काहून नाही केलं?"

आता यादी एकाच फाइलमध्ये राहते. तिन्ही भाषांतला कोड तिच्यातूनच तयार होतो. कोणी परस्पर फरक केला तर प्रोग्राम बनतच नाही. हे शहाणपण आम्हाला आधीपासून माहीत होतं, फक्त वेळ नव्हता.

त्याच संध्याकाळी मी फाटकाची नोंद तपासली. शोभाबाईंच्या आधी आणखी एक गाडी अशीच परत गेली होती. केळापूरचे एक काका. फोन लावला, माफी मागितली, आत्ता या म्हटलं.

"खाली केला न बाई आता घरी," ते म्हणाले. "कम्प्युटरनंच सांगतलं, मंग कायले भांडू?"

मला फार लाज वाटली. भांडणाऱ्या बाईमुळे आमची चूक सापडली. विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या घरात कापूस आणखी आठ दिवस राहिला.